कॅन्ड हीट

कॅन्ड हीट : ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत) व बूगी (त्यातील ठेकेदार प्रकार) या शैलींत वाजवणारा अमेरिकन वाद्यवृंद. लॉस एंजेलिस येथे ॲलन विल्सन (१९४३–७०) व बॉब हाइट (१९४३–८१) यांनी तो उभा केला. स्थापनेचे वर्ष बहुधा १९६५ दिले जाते, क्वचित १९६६. १९६५ च्या जानेवारीत हाइटच्या घरी जमली ती जुन्या तबकड्या गोळा करणाऱ्यांची मंडळी. त्यांच्या मनात साध्या, घरगुती वाद्यांचा ‘जग बँड’ (जग म्हणजे फुंकून वाजवायचा बुधला) काढायचा होता. विजेच्या गिटारींचा वाद्यवृंद त्यातून पुढच्या वर्षभरात आकाराला आला. नाव व माणसे यांचे सातत्य पाहता १९६५ हेच वर्ष धरणे सयुक्तिक वाटते.

नाव मिसिसिपीचा गायक टॉमी जॉन्सन याच्या १९२८ मधील एका गाण्यावरून घेतले आहे. स्वयंपाकासाठी डब्यात मिळणारे, अल्कोहोलयुक्त घट्ट इंधन दारूबंदीच्या काळात गाळून प्यायले जाई. गाण्याचा विषय तोच. वृंदाचे पहिले यशस्वी गीत ‘ऑन द रोड अगेन’ (१९६८) हेही मागे नेल्यास जॉन्सनपाशीच पोहोचते. विल्सनने ते शिकागोच्या फ्लॉइड जोन्सच्या १९५०–६० या दशकातील ध्वनिमुद्रणावरून बेतले आणि जोन्सच्या रचनेचे मूळ जॉन्सनच्या ‘बिग रोड ब्लूज’मध्ये आहे. सारा व्यवहार तबकडीवरून तबकडीवर चालला होता. विल्सनचा व्यासंग मात्र तबकड्यांपुरता नव्हता. १९६४ मध्ये पुन्हा सापडलेला वृद्ध गायक सन हाउस स्वतःचीच वादनपद्धती विसरत चालला होता. त्याच्यासमोर गिटार घेऊन बसून, त्याची जुनी गाणी त्यालाच वाजवून दाखवणारा तरुण म्हणजे विल्सन.

‘ऑन द रोड अगेन’मधील माऊथ ऑर्गन तांत्रिकदृष्ट्या लक्षणीय आहे. वाद्य पांढरी सहा या पट्टीचे. पण ब्लूजच्या प्रघाताप्रमाणे त्याचा पंचम, म्हणजे पांढरी तीन, षड्ज मानून वाजवलेले. या मांडणीत कोमल निषाद आपोआप हाती येतो. कोमल गांधार खालच्या सप्तकात तिसऱ्या छिद्रातून श्वास ओढताना स्वर वाकवून काढता येतो. वरच्या सप्तकात तसा साध्या वाकवण्याने मिळत नाही. विल्सनने सहाव्या छिद्राची, श्वास ओढल्यावर शुद्ध रिषभ देणारी पत्ती अर्ध्या स्वराने चढवून घेतली. रिषभ गेला, त्या जागी कोमल गांधार आला, तोही स्थिर आणि न वाकवता. गाण्याखाली तानपुऱ्याचा अखंड झंकार आहे आणि स्वरसंवाद (कॉर्ड) बदलत नाहीत. जवळजवळ सगळे गाणे एकाच आधारस्वरावर उभे आहे. १९६८ च्याच ‘लिव्हिंग द ब्लूज’ या जोड ध्वनिमुद्रिकेत सुमारे २० मिनिटांच्या रचनेचा एक तुकडा चक्क ‘राग काफी’ या नावाचा आहे. तेवढ्यावरून या शैलीवर हिंदुस्थानी संगीताचा थेट संस्कार झाल्याचे म्हटले जाते. ते घाईचे आहे. कोमल गांधार व कोमल निषाद ब्लूजच्या घरचेच. विल्सनला काफीत ओळखीचे स्वर भेटले, इतकेच म्हणणे सुरक्षित.

वृंदाच्या ‘गोइंग अप द कंट्री’ या गीतातील बासरीही उसनी आहे. टेक्ससच्या हेन्री टॉमस याने १९२८ मध्ये बोरूच्या जोडनळ्यांवर वाजवलेली धून जिम हॉर्न याने बासरीवर जवळपास जशीच्या तशी उतरवली, शब्द विल्सनचे.

कलावंतांची अदलाबदल सुरुवातीपासूनच चालू होती. १९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरी संगीत महोत्सवात विल्सन, हाइट, गिटारवादक हेन्री व्हेस्टाइन, बेसवादक लॅरी टेलर व ड्रमवादक फ्रँक कुक असा संच होता. त्याच ऑक्टोबरात डेन्व्हर येथे गांजाच्या आरोपावरून वृंदातील कलावंतांना अटक झाली (विल्सन तेव्हा हजर नव्हता) आणि वकिलांच्या खर्चापायी गीतांचे प्रकाशन हक्क १०,००० डॉलरना विकले गेले. पुढच्या दोन वर्षांतल्या यशाचा मोठा हिस्सा असा आधीच हातचा गेला. वर्षअखेरीस कुकच्या जागी मेक्सिको सिटीचा फितो दे ला पारा आला. व्हेस्टाइन भूभौतिकीविज्ञ अर्नेस्ट व्हेस्टाइन यांचा मुलगा. चंद्रावरील एका विवराला नाव आहे ते वडिलांचे.

१९६९ च्या उन्हाळ्यात टेलरशी बिनसल्याने व्हेस्टाइन बाहेर पडला. त्याच्या जागी आलेला हार्वी मँडेल थोड्याच दिवसांत वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या व्यासपीठावर होता. १९७० मध्ये टेलर व मँडेल दोघेही इंग्लंडच्या जॉन मेयॉल या ब्लूज कलावंताच्या वृंदात गेले, व्हेस्टाइन परतला. त्या मे महिन्यात ब्लूज गायक जॉन ली हुकरबरोबर केलेले मुद्रण (प्रकाशन १९७१) अनेक समीक्षक वृंदाचे सर्वोत्तम काम मानतात. हुकर मात्रा मोजून गात नसे. ओळ संपेल तिथे आवर्तन संपे. त्याच्यामागे न चुकता राहणारी विल्सनची साथ ऐकली की हे मत पटते.

३ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी, विल्सन हाइटच्या घरामागील मोकळ्या जागेत मृतावस्थेत आढळला. अधिकृत नोंद बार्बिट्युरेटच्या (झोपेच्या औषधाच्या) अतिसेवनाने अपघाती मृत्यू अशी आहे. दे ला पारा याने आपल्या आठवणींत आत्महत्येची शक्यता मांडली आहे. विल्सन दीर्घकाळ नैराश्याने ग्रस्त होता हे खरे, तरी अधिकृत नोंद बाजूला सारावी असा निर्णायक पुरावा पुढे आलेला नाही.

यानंतर हाइटच्या धिप्पाड देहाभोवती आणि लांबलचक बूगीभोवती वृंद फिरत राहिला. ५ एप्रिल १९८१ रोजी नॉर्थ हॉलीवूडच्या पालोमिनो क्लबमधील कार्यक्रमाच्या वेळी त्याचा अमली पदार्थाने मृत्यू झाला. पुढील काळाची माहिती मुख्यतः दे ला पारा याच्याच कथनातून मिळते. १९८०–९० या दशकात वॉल्टर ट्राउट हा गिटारवादक काही वर्षे वृंदात होता. व्हेस्टाइन अधूनमधून येत-जात राहिला. १९९७ मध्ये दौऱ्यावर असताना पॅरिसला त्याचे निधन झाले. टेलर व मँडेल २०१० च्या सुमारास पुन्हा सामील झाले होते. टेलर २०१९ मध्ये वारला.

१९६७ पासून दे ला पारा ड्रमवर असून नेतृत्वही त्याच्याकडे आहे. माऊथ ऑर्गन व गायन डेल स्पॉल्डिंगकडे, गिटार जिमी विव्हिनोकडे. या संचाची ‘फिनिल व्हिनिल’ ही ध्वनिमुद्रिका २०२४ मध्ये निघाली.