फेक-बी : फलटणच्या मेंढीतून जनुकशास्त्राची परिभाषा

मेंढीला एका वेताला किती कोकरे होतील यावर मोठा परिणाम करणाऱ्या जनुकीय बदलाचे नाव फेक-बी. बंगालच्या सुंदरबनातील गारोळ मेंढीत हा बदल पूर्वापार आहे. सातारा जिल्ह्यातील फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नारी’ने, १९९० च्या दशकात तो दख्खनी मेंढीच्या लोणंदी प्रकारात आणायला सुरुवात केली आणि त्या कामातून ‘नारी सुवर्णा’ ही जुळी देणारी मेंढी घडली. शाळेच्या जीवशास्त्रात जनुक, युग्मविकल्पी, जनुकविधा हे शब्द वाटाण्याच्या उदाहरणाने येतात. साताऱ्या-सांगलीकडच्या विद्यार्थ्याने वाटाण्याची झाडे क्वचितच पाहिलेली असतात, पण रस्ता अडवून चाललेली मेंढरे मात्र रोजची. म्हणून येथे तीच परिभाषा मेंढीवरून मांडली आहे.

दख्खनी मेंढी चांगली काटक, पण सहसा एका वेताला एकच कोकरू देते. गारोळ अंगाने अगदी लहान, तरी तिला दोन-तीन कोकरे होणे नेहमीचे. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या बंगाली मेंढ्यांबरोबर हा गुण तिकडच्या ‘बुरूला’ नावाच्या मेरिनो (लोकरीसाठी पाळल्या जाणाऱ्या जातीच्या) कळपात पोचला, असे मानतात. नावातला ‘बी’ त्या बुरूलाचा. ‘फेक’ हा बहुप्रसवतेसाठीच्या इंग्रजी शब्दाचा आरंभ.

मेंढीच्या प्रत्येक पेशीत ५४ गुणसूत्रे, म्हणजे २७ जोड्या असतात. निम्मी आईकडून, निम्मी बापाकडून. गुणसूत्र म्हणजे प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनएचा लांब धागा, आणि जनुक हा त्या धाग्याचा एक ठरावीक भाग. त्यात बहुधा एखादे प्रथिन बनवण्याची माहिती असते. सहाव्या गुणसूत्रावर बीएमपीआर-१बी नावाचे जनुक आहे. त्याचे प्रथिन अंडाशयातल्या पेशींवर संदेश झेलण्याचे काम करते. डीएनएची माहिती ए, टी, जी, सी या चार रासायनिक ‘अक्षरां’त लिहिलेली असते. या जनुकातले ७४६ वे अक्षर ए ऐवजी जी झाले, की प्रथिनाच्या साखळीत २४९ व्या जागी ग्लुटामिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन हे दुसरे अमिनो आम्ल बसते. हाच बदल म्हणजे फेक-बी. डीएनएतल्या अशा बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. संदेश झेलण्यात त्यामुळे फरक पडतो, बीजपुटिका, म्हणजे अंडे जिच्यात वाढते त्या अंडाशयातल्या पिशव्या, लवकर पक्व होतात आणि एका वेळी जास्त अंडी सुटतात. सिकलसेल आजारातही एकच अक्षर बदललेले असते, पण तिथे त्याने माणूस आजारी पडतो. उत्परिवर्तन या शब्दातच काही वाईट दडलेले आहे, ही समजूत सोडून द्यायला हवी.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती जागा. ‘या मेंढीत फेक-बी जनुक आहे, त्या मेंढीत नाही’ असे सर्रास बोलले जाते. खरे तर बीएमपीआर-१बी हे जनुक प्रत्येक मेंढीत असतेच, तेही दोन प्रतींत. फरक असतो तो त्याच्या रूपात. एकाच जनुकाच्या अशा वेगवेगळ्या रूपांना युग्मविकल्पी म्हणतात. शिकवणीत ‘अलील’ हा शब्दही चालतो. जुने रूप + आणि बदललेले रूप बी असे लिहिले, तर मेंढी तीन प्रकारची असू शकते : + +, बी + किंवा बी बी. ही झाली तिची जनुकविधा. दोन्ही प्रती सारख्या असतील तर समयुग्मी, वेगळ्या असतील तर विषमयुग्मी. हा भेद एकदा पक्का बसला, की पुढचे सारे सोपे जाते.

डोळ्यांना दिसते किंवा मोजता येते ती स्वरूपविधा. इथे सुटणाऱ्या अंड्यांची आणि होणाऱ्या कोकरांची संख्या. एक बी असेल तर अंडी वाढतात, दोन असतील तर आणखी वाढतात. म्हणजे मेंडेलच्या उंच-बुटक्या वाटाण्यासारखे सरळ प्रभावी-अप्रभावी नाते इथे नाही. मेंढ्याची गोष्ट तर याहून बोधक. तो बी बी असला तरी स्वतः वीत नाही, त्यामुळे त्याच्याकडे पाहून काहीच कळत नाही. पण + + मेंढीपासून झालेली त्याची प्रत्येक लेक बी + असते. बी + मेंढा आणि बी + मेंढी यांच्या संततीत बी बी, बी + आणि + + यांचे अपेक्षित प्रमाण १:२:१. चार कोकरे झाली म्हणजे ती हिशेबाने अशीच वाटली जातील असे मात्र नाही. प्रत्येक कोकरासाठी नाणे नव्याने उडते.

गारोळचा लहान बांधा नको, फक्त बी हवा, म्हणून संकरित पिढीचा पुन्हा दख्खनीशी संकर करतात. याला पश्चसंकर म्हणतात. दर पिढीला गारोळचा वाटा सरासरीने निम्मा होतो : ५० टक्के, २५, साडेबारा. अडचण ही, की त्याबरोबर बी सुद्धा निम्म्या पिलांतून निसटतो. नेमके उत्परिवर्तन २००१ मध्ये उमगले, तोवर मेंढ्याची जनुकविधा ताडायची तर त्याच्या लेकी विण्याची वाट पाहावी लागे. आता रक्ताचा थेंब पुरतो. पीसीआर यंत्रात जनुकाच्या १९० अक्षर-जोड्यांच्या तुकड्याच्या असंख्य प्रती करतात. मग त्यावर रेस्ट्रिक्शन एन्झाइम, म्हणजे ठरावीक अक्षरक्रम दिसेल तिथेच डीएनए कापणारे विकर सोडतात. प्रत बी असेल तर तुकडा १६० आणि ३० असा तुटतो, + असेल तर अखंड राहतो. हे तुकडे जेलीसारख्या पातळ थरात, म्हणजे जेलमध्ये, ठेवून वीज सोडली की लहान तुकडा पुढे पळतो. १९० पाशी एकच पट्टा दिसला तर + +, १६० पाशी एकच ठळक पट्टा तर बी बी, दोन्ही दिसले तर बी +.

यात कुठेही जनुक बाहेरून टोचलेले नाही. बीटी कापसात जिवाणूचे जनुक प्रयोगशाळेत घातलेले आहे, म्हणून ते जनुकीय परिवर्तित पीक. १९९६ साली जन्मलेली डॉली एका मेंढीच्या कासेतील पेशीच्या केंद्रकापासून तयार केलेली प्रतिकृती, म्हणजे क्लोन. नारी सुवर्णा या दोन्हींपैकी काहीच नाही. ती नेहमीच्या मेंढा-मेंढीच्या संकरातून आलेली आहे. डीएनए चाचणीने फक्त निवड अचूक केली.

स्वरूपविधा जनुकविधेबरोबर परिस्थितीवरही ठरते, हे वाक्य परीक्षेत सगळे लिहितात. त्याचा अर्थ धनगराच्या वाड्यावर कळतो. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या कळपातल्या मेंढीला दोन कोकरांपुरते दूध यायचे, तर गाभणपणात चारा-पाणी पुरेसे मिळावे लागते. तिळी झाली तर तिसऱ्याला वरचे दूध पाजायची वेळ येते. म्हणूनच चालत्या कळपाला बी + मेंढ्या सोयीच्या ठरतात : दुसऱ्या बी ने अंडी वाढली तरी जगणाऱ्या कोकरांत भर थोडीच पडते.