अंड्यावर आलेली कोंबडी जागा का हुडकते?

करवीर तालुक्यात ज्यांच्या दारात कोंबड्या आहेत, त्यांना हे सांगायला नको. अंड्यावर आलेली कोंबडी गप बसत नाही. एरवी उकिरड्यावर रमणारी ती एकटीच परड्यात फिरते, कडब्याच्या गंजीत डोकावते, वेगळ्याच सुरात ओरडते आणि शेवटी कुठल्या तरी अंधाऱ्या कोपऱ्यातल्या पाटीत जाऊन बसते. घरातली बाई म्हणते, "जागा हुडकायलीय ती."

ही ओढ आदल्या दिवशीच सुरू झालेली असते. बीजांडकोशातल्या पुटिकेतून, म्हणजे बलक वाढवणाऱ्या पिशवीतून, बलक सुटतो. त्यावर पांढरा, पापुद्रा आणि कवच चढायला 24 ते 26 तास लागतात, त्यातले 20 एकट्या कवचाला. मागे उरलेली रिकामी पुटिका दरम्यान स्वस्थ नसते. तिच्यातून येणारा संप्रेरकांचा निरोप दुसऱ्या दिवशी कोंबडीला घरटं शोधायला लावतो. प्रयोगात ही पुटिका काढून टाकली, तेव्हा अंडं आलं, पण बहुतेक कोंबड्यांचं जागा शोधणं थांबलं.

म्हणजे समोर पाटी आहे की तारेची जाळी, हे त्या निरोपाला ठाऊकच नसतं. पिंजऱ्यातल्या कोंबडीलाही तो रोज येतो. तिच्या वाट्याला जागा मात्र साधारण 450 चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. झेरॉक्सचा ए-फोर कागद 624 चौरस सेंटिमीटरचा असतो. तिथं ती वळवळते, शेजारणीच्या अंगाखाली शिरू पाहते, आणि अंडं उतरत्या जाळीवरून घरंगळून जातं. हे रोज. मला पिंजऱ्यातली सगळ्यांत क्रूर गोष्ट हीच वाटते.

हाडांचंही तसंच. एका कवचाला सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि खाद्यातलं कमी पडलं की ते हाडांतून निघतं. कोंबडीची रानटी पूर्वज वर्षाला मोजकी अंडी घालायची. आजची लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, 300 च्या आसपास घालते. पंख फडफडवायला नाहीत, दांडीवर उडी नाही, म्हणून पिंजऱ्यात हाडं आणखी ठिसूळ होतात.

युरोपीय संघानं असे उघडेबोडके पिंजरे 1 जानेवारी 2012 पासून बंद केले; पेटी-दांडी असलेले पिंजरे मात्र चालतात. मॅकडोनाल्ड्सनं 2015 मध्ये अमेरिका आणि कॅनडापुरता पिंजरामुक्त अंड्यांचा शब्द दिला आणि अमेरिकेत 2023 अखेर तो पाळला. असे शब्द बऱ्याच कंपन्यांनी दिले. पिंजरामुक्त म्हणजे आपली अंगणातली गावरान नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. एका शेडात हजारो कोंबड्या, खाली तूस, बसायला दांड्या, अंडी घालायला पेट्या. तिथंही छातीचं हाड मोडतं, एकमेकींची पिसं उपटली जातात. दांडी किती उंच, जात कोणती, सांभाळणारा किती जाणता, यावर बरंच ठरतं. तरीही त्या निरोपाला तिथं उत्तर असतं.

कोल्हापुरात अंडं तीसच्या ट्रेमधून येतं, कोरं. युरोपात प्रत्येक अंड्यावर आकडा छापतात. 3 असेल तर पिंजऱ्यातलं. आपल्याकडं ती सोय नाही, त्यामुळं दुकानदारही सांगू शकत नाही. पण रोज शेकड्यानं अंडी घेणाऱ्या हॉटेल-बेकरीवाल्यांना आपला पोल्ट्रीवाला माहीत असतो. त्याला एकच विचारावं: कोंबड्या अंडी घालायला कुठं बसतात? पेट्या असतील, तर किती कोंबड्यांमागं एक? युरोपच्या नियमात सातांमागं एक आहे.