फ्रिज बंद करून गावाला जावं का?

एप्रिलमध्ये परीक्षा आटोपल्या की बेळगावातली निम्मी टिळकवाडी कुलूप लावून निघते. कोणी चोर्ला घाटाने गोव्याला, कोणी आंबोलीमार्गे कोकणात आजोळी, कोणी पंढरपूरला. याच सुमाराला मोबाइलवर एक निरोप फिरू लागतो: ‘फ्रिज बंद करून जाऊ नका. आतला गॅस गोठतो, कॉम्प्रेसर जाम होतो, आणि परत चालू केल्यावर आठवडाभर वाचलेली वीज एका दिवसात जाते.’ चार ओळींत तीन विधानं आणि तिन्ही चूक. मात्र त्यातल्या एकाच्या पोटात थोडं खरं दडलंय, म्हणून जरा खोलात जाऊ.

शेवटचं विधान आधी घेतो, कारण खरी मजा तिथेच आहे.

फ्रिज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उपसून मागच्या जाळीवाटे स्वयंपाकघरात टाकतो. ठेवलेलं दूध एकदा गार झालं की खरं तर काम संपायला हवं. पण भिंतींतून, दारातून, दाराच्या रबराच्या कडेने बाहेरची उष्णता सारखी आत झिरपत असते. फोम कितीही चांगला असला तरी हे झिरपणं मंद होतं, थांबत नाही. त्याचा वेग ठरतो आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर. मे महिन्यात स्वयंपाकघरात ३४ अंश आणि फ्रिजमध्ये ४ म्हणजे फरक ३० अंशांचा. डिसेंबरात घरात २० अंश असतील तर फरक १६. तोच फ्रिज, तेच सामान, पण खालच्या कप्प्यासाठी उपसा जवळजवळ निम्मा.

आता विहीर डोळ्यांसमोर आणा. पंप चालू ठेवून पाणी कायम तळाशी ठेवलं, तर झरे रात्रंदिवस जोरात वाहतात आणि तेवढं पाणी रोज उपसावं लागतं. पंप बंद केला की पाणी चढतं, जसं चढतं तसे झरे मंदावतात, आणि भोवतालच्या पातळीला आलं की थांबतात. आठ दिवसांनी पुन्हा तळ गाठायचा तर एक विहीरभर पाणी काढावं लागेल. आठ दिवस पंप चालवून जेवढं काढलं असतं तेवढं नव्हे. बंद फ्रिजचं हेच होतं. आतलं तापमान चढत जातं, झिरपणं कमी होत जातं, घराच्या तापमानाला आलं की संपतं. म्हणून ‘बंद करून पुन्हा गार करणं’ हे ‘गार ठेवत राहण्या’पेक्षा महाग पडूच शकत नाही, मग काळ एका दिवसाचा असो की एका महिन्याचा.

आकडे मांडून बघू. लेबलवर वर्षाला २०० युनिट लिहिलेला फ्रिज दिवसाला साधारण ०.५५ युनिट घेतो. समजा तो बंद केला आणि आतलं १० किलो सामान ५ वरून ३० अंशांवर गेलं. ते परत गार करायला सुमारे १०५० किलोज्यूल उष्णता काढावी लागेल. फ्रीझरमधल्या २ लिटर पाण्याचा पुन्हा उणे १८ अंशांचा बर्फ करायला आणखी १०००, कारण नुसतं गोठताना किलोमागे ३३४ किलोज्यूल बाहेर पडतात. कप्पे, काच, आतलं प्लास्टिक मिळून ५००-६०० धरा. बेरीज २६०० च्या आसपास. एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल, आणि एक युनिट वीज खर्चून फ्रिज दीड युनिट उष्णता उपसतो असं धरलं, तर लागली अर्धा युनिट वीज. म्हणजे एका दिवसाचा खर्च. पहिल्या दिवसानंतरचा प्रत्येक दिवस निव्वळ बचतीचा.

त्यातही एक बारकावा आहे, तो मला फार आवडतो. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये उष्णतेच्या यंत्रांना निसर्गाने घातलेली मर्यादा दाखवली. तीच उलटी वाचली की फ्रिजची मर्यादा, म्हणजे एक युनिट विजेत जास्तीत जास्त किती युनिट उष्णता उपसता येईल, ती मिळते: गार बाजूचं केल्विनमधलं तापमान (नेहमीच्या अंशांत २७३ मिळवून) भागिले दोन बाजूंमधला फरक. गार बाजू उणे २० अंश आणि मागची जाळी ४५ असेल तर २५३ भागिले ६५, म्हणजे ३.९. गार बाजू १० अंशांवर असेल तर २८३ भागिले ३५, म्हणजे ८.१. घरातला फ्रिज याच्या निम्म्यालाही पोचत नाही, पण कल तोच राहतो. बंद असलेला फ्रिज गार व्हायला लागतो तेव्हा सुरुवातीची उष्णता तो स्वस्तात उपसतो. म्हणजे वरचा अर्धा युनिट मी जरा जास्तच धरलाय.

आता गॅस, म्हणजे नळ्यांतून फिरत आतली उष्णता बाहेर नेणारा. मागच्या पट्टीवर ‘आर ६००ए’ लिहिलेलं असेल तर तो आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्या गॅसचा सख्खा भाऊ. घरगुती फ्रिजमध्ये तो १०० ग्रॅमही नसतो. तो उणे १२ अंशांच्या सुमारास उकळतो आणि गोठायला उणे १५९ अंश लागतात. बेळगावची थंडी कितीही गुलाबी म्हटली तरी तेवढी नाही. नळी सीलबंद असते, त्यामुळे फ्रिज बंद ठेवल्याने गॅस कुठे जातही नाही.

थोडं खरं आहे ते ‘जाम’मध्ये. कॉम्प्रेसर म्हणजे हा गॅस दाबणारा पंप. तो चालू असताना एका बाजूला दाब जास्त, दुसरीकडे कमी असतो. तो थांबल्यावर केसासारख्या बारीक नळीतून दाब समान व्हायला काही मिनिटं लागतात. करंट गेला आणि दोन सेकंदांत परत आला, तर मोटारीला त्या दाबाविरुद्ध उठावं लागतं. ती अडते, ‘टक्’ आवाज येतो आणि संरक्षक स्विच तिची वीज तोडतो. म्हणजे कॉम्प्रेसरला त्रास होतो तो अशा झटपट बंद-चालूचा. पंधरा दिवस निवांत पडून राहिल्याने त्याचं काही बिघडत नाही. वळवाच्या दिवसांत, विजा कडाडत असताना, रिकाम्या घरातला प्लग काढलेलाच बरा.

पैशांचं म्हणाल तर पंधरा दिवसांत आठेक युनिट, युनिटला सहा रुपये धरले तरी पन्नास रुपयांच्या आत. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या ‘गृहज्योती’ योजनेत ज्यांचं हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, बिल शून्य येतं त्यांना तेवढेही दिसणार नाहीत. म्हणून निर्णय विजेवर घेऊ नका, आत काय आहे त्यावर घ्या. इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. ते सोबत न्या किंवा शेजारच्या काकूंकडे ठेवा. दोन-चार दिवसांसाठी फ्रिज रिकामा करण्याचा उद्योग मी तरी करणार नाही. ‘व्हेकेशन मोड’ असेल तर फ्रीझर चालू राहतो आणि खालचा कप्पा थोडा कोमट होतो, पण तिथे दूध ठेवायचं नाही. रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या भरून वीज वाचते म्हणतात, ती वाचली तर दार उघडझाप होताना. बंद घरात दार उघडणार कोण? आणि मळलेली कणीक फ्रिजमध्ये राहिली की पिंडासारखी दिसून भुतं येतात, असाही एक निरोप आहे. कणकेत येतं ते आंबलेपण, त्याला निमंत्रण लागत नाही.

फ्रिज चालू ठेवून जाणार असाल तर एका वाटीत पाणी गोठवून वर रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. तळाशी गोठलेलं दिसलं, तर मधे करंट इतका वेळ गेला होता की बर्फ वितळला. फ्रीझरमधलं सगळं फेकायचं.

बंद करणार असाल तर आदल्या रात्रीच बंद करा, बर्फ आपोआप सुटू द्या. सुरीने खरवडू नका. फ्रीझरच्या पातळ पत्र्याला भोक पडलं की निरोपात म्हटलेला गॅस खरोखरच जातो. आतून पुसा, रबराच्या घड्याही पुसा, आणि दारात टॉवेलची घडी अडकवून ते किलकिलं ठेवा. पावसाळ्यात खानापूरकडच्या हवेत बंद ओल्या फ्रिजला बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. फ्रिज भिंतीपासून ओढून मागची, कॉम्प्रेसरजवळची ताटली काढा. एरवी त्यातलं पाणी कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं. बंद फ्रिजमध्ये ते तसंच साचतं, आणि डेंग्यूचा डास अंडी घालायला अशीच स्वच्छ, साचलेली, अंधारी जागा शोधतो. ती रिकामी करून कोरडी पुसा आणि मगच कुलूप लावा.