हेम्पला नत्र लागत नाही, हा समज चुकीचा

‘हेम्प तणासारखं वाढतं, त्याला खत कशाला?’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. औद्योगिक हेम्प, म्हणजे भांगेच्याच जातीचं पण नशेचा अंश नगण्य असलेलं पीक, बियांसाठी घेणाऱ्याचं त्यामुळे खरंच नुकसान होतं.

हेम्प शेंगवर्गीय पीक नाही. मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी येत नाहीत. सगळं नत्र जमिनीतूनच यावं लागतं. बियांत सुमारे 25 टक्के प्रथिनं असतात, म्हणजे 1000 किलो बियांबरोबर साधारण 40 किलो नत्र शेताबाहेर जातं. खोड-पानांची गरज वेगळीच. कमी पडलं की आधी खालची पानं पिवळी पडतात, झाड नत्र वर ओढून घेतं आणि कणसं बारीक राहतात.

हिशोब माती परीक्षणावरून करा. हेक्टरी एकूण 120 किलोचं लक्ष्य धरलं आणि जमिनीत 40 किलो उपलब्ध असेल, तर 80 किलो द्यायचं. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे साधारण 174 किलो युरिया.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे युरिया बियांच्याच ओळीत टाकणं. त्यातून सुटणाऱ्या अमोनियाने कोवळा कोंब जळतो, ओळीत मधेमधे रिकाम्या जागा पडतात. खत बाजूला आणि थोडं खोल द्या. वर फेकलेला युरिया लगेच मातीआड करा, नाहीतर अमोनिया हवेत उडून जातो.

‘जास्त तितकं चांगलं’ हेही खरं नाही. झाडं उंच होऊन लोळतात, दाणे मागेपुढे पिकतात आणि मळणीच्या वेळी चिवट खोडं यंत्राच्या फिरत्या भागांना गुंडाळतात.