ड्रेसाज म्हणजे घोड्याची तालीम

सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताला घोडेस्वारीत तब्बल ४१ वर्षांनी सुवर्णपदक मिळालं. अनुष अगरवाला, सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग आणि मुंबईचा हृदय छेडा यांनी ते जिंकलं ड्रेसाजच्या सांघिक प्रकारात. स्वाराच्या इशाऱ्यांवर घोड्याने ठरलेल्या हालचाली करून दाखवायचा हा प्रकार बघणाऱ्याला घोड्याच्या नाचासारखा वाटतो. शब्द मात्र तालमीचा आहे.

तो आला फ्रेंचमधल्या 'द्रेसे' या क्रियापदावरून. त्याचा अर्थ सरळ करणं, उभं करणं आणि त्यावरून जनावराला शिकवून तयार करणं. त्याच्या मुळाशी 'सरळ' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. घोड्याच्या बाबतीत तो अगदी चपखल बसतो. माणूस डावखुरा किंवा उजवा असतो, तशी घोड्याचीही एक बाजू ताठ आणि दुसरी लवचीक असते. मोकळा सोडला तर तो किंचित तिरका चालतो. पाठीवर ओझं घेऊन त्याने सरळ, तोल सांभाळून चालावं, इथूनच शिक्षण सुरू होतं.

ही विद्या शब्दापेक्षा फार जुनी. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन याने लिहून ठेवलं की जबरदस्तीने करून घेतलेली गोष्ट घोड्याला समजत नाही आणि ती सुंदरही दिसत नाही. नर्तकाला चाबकाने मारून नाचवण्यातलाच तो प्रकार. दुर्दैवाने पुढच्यांनी हे नेहमीच ऐकलं नाही. नेपल्सच्या फेडेरिको ग्रिझोनेचा ग्रंथ १५५० साली आला आणि युरोपभर गाजला. अडून बसलेल्या घोड्यासाठी त्यात सुचवलेला एक उपाय म्हणजे काठीला बांधलेलं चवताळलेलं मांजर त्याच्या मागच्या पायांशी न्यायचं!

पॅरिसचा ला गेरिनिएर मला या परंपरेतला सर्वांत मोठा शिक्षक वाटतो. त्याचं 'एकोल द काव्हलरी' हे पुस्तक १७३३ चं. 'खांदा आत' हा त्याचा व्यायाम आजही रोज करून घेतला जातो. घोडा भिंतीलगत चालतो, स्वाराच्या आतल्या पायाभोवती अंग वाकवतो आणि त्याचा खांदा मैदानाच्या आत येतो. समोरून पाहिलं तर तीनच पाय दिसतात, कारण आतला मागचा पाय बाहेरच्या पुढच्या पायाच्या रेषेत पडतो. आतला मागचा पाय असा पोटाखाली आला की वजन मागे सरकतं, खांदे मोकळे होतात. व्हिएन्नाची स्पॅनिश रायडिंग स्कूल आजही त्याच्याच पद्धतीला प्रमाण मानते.

ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज १९१२ साली आलं, पण फक्त लष्करी अधिकाऱ्यांसाठी. १९४८ मध्ये स्वीडनने सांघिक सुवर्ण जिंकलं आणि नंतर गमावलं, कारण संघातला गेनाल पर्सन प्रत्यक्षात सार्जंट, म्हणजे अधिकाऱ्याखालच्या हुद्द्याचा होता. घोडा तोच, कौशल्य तेच. आड आला तो हुद्दा. पुढे नियम बदलला. १९५२ मध्ये पर्सनसह त्याच तिघांनी सुवर्ण परत मिळवलं. त्याच वर्षी स्त्रियांनाही दार उघडलं आणि पोलिओमुळे गुडघ्यांखाली पाय निकामी झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी पुरुषांच्या बरोबरीने उतरून वैयक्तिक रौप्य जिंकलं. पहिलं वैयक्तिक सुवर्ण एका स्त्रीने, पश्चिम जर्मनीच्या लिझेलोट लिन्सेनहॉफ यांनी, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मिळवलं.