ज्यू विद्यार्थ्यांच्या परदेशी सेवायात्रा

महाविद्यालयात शिकणाऱ्या ज्यू तरुण-तरुणींनी सुट्टीत एखाद्या ज्यू संस्थेमार्फत परदेशी जाऊन तेथील वस्तीत बांधकाम, शेती, शिकवणी अशा स्वरूपाचे विनामोबदला काम करावे आणि त्या कामाचा अर्थ धर्मग्रंथांच्या आधारे गटात बसून समजून घ्यावा, असा हा उपक्रम आहे. तो मुख्यतः अमेरिकेतील ज्यू समाजात वाढला. वसंतातील किंवा हिवाळ्यातील सुट्टीतला एक आठवडा, उन्हाळ्यातले काही आठवडे किंवा पदवीनंतरचे पूर्ण वर्ष अशा त्याच्या निरनिराळ्या मुदती आहेत. ज्यू तरुणांना इस्राएलची ओळख करून देण्यासाठी १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘बर्थराइट’ या मोफत सहलींशी या यात्रांची गल्लत केली जाते. परंतु तेथे पाहणे व फिरणे हा गाभा असतो, येथे श्रम. श्रमाबरोबर सहभागी तरुणाची ज्यू म्हणून जडणघडण व्हावी, हा दुसरा हेतूही पहिल्या दिवसापासून असतो आणि या उपक्रमासंबंधीचे बहुतेक वाद या दोन हेतूंच्या ओढाताणीतूनच निर्माण झालेले आहेत.

या यात्रांच्या माहितीपत्रकांत ‘तिक्कुन ओलाम’, म्हणजे जगाची दुरुस्ती, ही कल्पना हटकून आढळते. मिश्ना या ज्यू कायद्याच्या प्राचीन संग्रहातील गिट्टीन या भागात ती घटस्फोट, गुलामांची मुक्तता यांसारख्या व्यवहारांत समाजाची घडी बसवणाऱ्या नियमांचे कारण म्हणून येते. सोळाव्या शतकात साफेद येथील आयझॅक लुरिया यांच्या गूढवादी संप्रदायाने तिला विश्वोत्पत्तीच्या कथेशी जोडले. अमेरिकेतील उदारमतवादी ज्यूंनी तिला सामाजिक न्यायाचा जो अर्थ दिला, तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच खऱ्या अर्थाने रूढ झाला. सनातनी वर्तुळांत त्यामुळेच या शब्दाच्या सैल वापराबद्दल नाराजी आहे, आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. त्या मानाने दानधर्माचे विवेचन अधिक भक्कम आहे. बाराव्या शतकातील ज्यू धर्मपंडित मायमॉनिडीझ यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या असून, गरजवंताला भेट, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन त्याच्यावर पुन्हा हात पसरण्याची वेळ येऊ न देणे ही सर्वोच्च पायरी मानली आहे. सेवायात्रेतील संध्याकाळच्या अभ्यासात हा उतारा बहुधा असतोच.

मदत प्रथम कोणाला करावी, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. मिश्नावरील विवेचनाचा ग्रंथ असलेल्या ताल्मूदच्या बाबा मेत्सिया या भागात आपल्या गावचे गरीब परगावच्या गरिबांच्या आधी, असा क्रम लावलेला आहे. तर गिट्टीनमध्ये, समाजात सलोखा राहावा म्हणून ज्यूंबरोबर ज्यूंबाहेरच्या गरिबांचेही पोषण करावे, असे सांगितले आहे. हे दोन्ही दाखले एकाच गटापुढे ठेवले की चर्चा तासन्‌तास चालते. संस्थांची विभागणीही ढोबळ मानाने याच रेषेवर झालेली दिसते.

पहिल्या बाजूची, म्हणजे आधी आपल्या ज्यू बांधवांना मदत करणारी, एक जुनी संस्था म्हणजे अमेरिकन ज्यूइश जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी. ‘जॉइंट’ या नावानेच ती ओळखली जाते. ऑटोमन साम्राज्यातील अमेरिकेचे राजदूत हेन्री मॉर्गेन्थाऊ यांनी पॅलेस्टाइनमधील ज्यूंसाठी ५०,००० डॉलरची तातडीची मागणी करणारी तार पाठवली, त्यातून १९१४ मध्ये तिचा उगम झाला. जगभरच्या संकटग्रस्त ज्यू वस्त्यांना मदत हे तिचे काम. तरुणांना वर्षभर अशा वस्तीत पाठवण्याची तिची योजना १९८० च्या दशकातील आहे आणि पुढे ‘एन्ट्वाइन’ या नावाच्या शाखेने लहान मुदतीच्या यात्राही सुरू केल्या. दुसऱ्या बाजूस अमेरिकन ज्यूइश वर्ल्ड सर्व्हिस आहे. १९८५ मध्ये बॉस्टन येथे स्थापन झालेल्या या संस्थेने धर्म न पाहता आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील लोकसंघटनांना साहाय्य केले. न्यूयॉर्कच्या महापौरपदाची १९९७ ची निवडणूक हरल्यानंतर रूथ मेसिंजर यांनी १९९८ मध्ये तिची सूत्रे हाती घेतली आणि त्यांच्या कारकिर्दीत विद्यार्थ्यांच्या यात्रांना मोठा जोर आला. विद्यार्थी गोळा करण्याचे काम प्रामुख्याने ‘हिलेल’कडे होते. इलिनॉय विद्यापीठात १९२३ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेची केंद्रे आज शेकडो महाविद्यालयांच्या आवारात आहेत.

अर्थात हा उपक्रम केवळ धर्मप्रेरणेतून उगवलेला नाही. तरुणांना सेवेसाठी परदेशी पाठवणाऱ्या पीस कोअर या १९६१ च्या सरकारी योजनेमुळे परदेशी सेवेला अमेरिकेत प्रतिष्ठा मिळाली होती आणि सुट्टी समुद्रकिनाऱ्यावर मद्यपानात घालवण्याऐवजी कामात घालवावी, ही विद्यार्थ्यांची चळवळ १९८० च्या दशकाअखेरीस पसरू लागली होती. ज्यू संस्थांनी तो साचा उचलला आणि त्यात शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा साप्ताहिक विश्रांतिदिन, व ग्रंथवाचन घातले.

मध्य अमेरिकेतील एखाद्या खेड्यातल्या आठवडाभराच्या यात्रेचा दिनक्रम साधारण असा असतो. सकाळी गावच्या गवंड्याच्या हाताखाली गट कामाला लागतो. वाळू चाळणे, फावड्याने सिमेंट कालवणे, रांग करून बादल्या व विटा पुढे सरकवणे ही कामे विद्यार्थ्यांना जमतात. ओळंबा धरणे व वीट रचणे ही जमत नाहीत आणि दोन तासांत हातांना फोड येतात. दुपारी भात व घेवड्याचे जेवण असते. कोशेर, म्हणजे ज्यू धर्मातील आहाराचे, नियम पाळणाऱ्यांची सोय म्हणून बहुधा स्वयंपाक शाकाहारीच ठेवतात, त्यामुळे मांस व दूध वेगळे ठेवण्याचा प्रश्न उरत नाही. कधी भांडीही कोरी घेतात. संध्याकाळी एक छापील पान वाटले जाते, त्यावर एका बाजूस ग्रंथातील उतारा आणि दुसऱ्या बाजूस त्या देशातील जमीनधारणेची किंवा यादवी युद्धाची माहिती असते. शुक्रवारी काम लवकर आटोपते, सूर्यास्तापूर्वी मेणबत्त्या लावल्या जातात आणि शनिवारी कोणी फावड्याला हात लावत नाही. प्रार्थना कशी व किती करावी, यावर मात्र गटात एकमत होणे कठीण असते, कारण सनातनी घरातील मुलगा आणि हिब्रू अक्षर न वाचता येणारी मुलगी एकाच खोलीत बसलेली असतात. अनेक सहभागींच्या दृष्टीने यात्रेचा हाच सर्वांत अविस्मरणीय भाग ठरतो.

रुवांडातील आगाहोझो-शालोम हे युवाग्राम या उपक्रमाचे वेगळे रूप दाखवते. १९९४ च्या वंशसंहारात अनाथ झालेल्या मुलांसाठी ॲन हेमन यांनी ते उभारले आणि २००८ मध्ये ते सुरू झाले. महायुद्धानंतर इस्राएलमध्ये पोरक्या मुलांसाठी जी युवाग्रामे वसवली गेली, त्यांतील येमिन ओर्डे हा त्याचा आदर्श होय. म्हणजे येथे ज्यू समाजाचा स्वतःचा अनुभव उपयोगी पडला, केवळ पैसा व सद्भावना नव्हे. नेपाळमध्ये रब्बी (ज्यू धर्मगुरू) मिखा ओडेनहायमर यांनी २००७ मध्ये ‘तेव्हेल बेत्सेदेक’ ही संस्था काढली. सैन्यसेवा संपवून हिमालयात भटकायला येणाऱ्या इस्राएली तरुणांना कामाकडे वळवण्याचा तिचा मूळ विचार मोठा व्यवहारी होता.

महाराष्ट्राशी या यात्रांचा संबंध दोन अंगांनी येतो. कोकणातील मराठी भाषक बेने इस्राएल समाज हा जॉइंटच्या भारतातील कामाचा १९६० च्या दशकापासूनचा मुख्य भाग आहे. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. मुंबई-ठाणे परिसरात उरलेल्यांपैकी वृद्धांची देखभाल आणि मुलांचे धर्मशिक्षण यांत परदेशी स्वयंसेवक हातभार लावतात. पूर्व युरोपातून आलेल्या पूर्वजांचा धर्म हाच ज्यू धर्म, असे समजून वाढलेल्या अमेरिकन तरुणासमोर येथे एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिद्याचे ताट येते. त्यात गोड पोहे, ओले खोबरे व फळे असतात. मदत करायला आलेला येथे बराचसा विद्यार्थीच ठरतो. दुसरे अंग ज्यूंबाहेरच्या वस्त्यांचे. जेकब श्टोकमन यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या ‘गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई’ने कळव्याच्या झोपडपट्टीत मुलांचे शिक्षण व पोषण यांवर काम केले. तेथे परदेशातून आलेले ज्यू तरुण मुलांना शिकवत आणि जेवण वस्तीतल्याच स्त्रिया रांधत. जेवणाची व्यवस्था स्थानिक हातांत असल्याने तुकडी बदलली तरी काम थांबत नसे. अल्पमुदतीच्या यात्रांत ही गोष्ट सहसा साधत नाही.

आक्षेप जुनेच आहेत. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांना तोंडावर सांगितले की, पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. भाषा न येणारा, कसब नसलेला पाहुणा यजमानांवर भार होतो. मुलांना लळा लावून आठवड्याने निघून जाणे त्यांच्या हिताचे नसते. जी भिंत गावचा गवंडी दोन दिवसांत उभी करील, तिला दहा-पंधरा विद्यार्थ्यांना आठवडा लागतो. हे सर्व ज्यू यात्रांनाही लागू आहे. त्यातील अनेक कार्यकर्त्यांना ते ठाऊकही होते, म्हणूनच काम स्थानिक संघटनेने ठरवावे आणि परतल्यावर निधी व लोकमत उभारण्याची जबाबदारी घ्यावी, अशा अटी घालण्यात आल्या. अमेरिकन ज्यूइश वर्ल्ड सर्व्हिसने पुढे तरुणांच्या स्वयंसेवी यात्रा बंद केल्या आणि अनुदाने व धोरणविषयक प्रयत्न यांवर लक्ष केंद्रित केले.

खुद्द ज्यू समाजातून आलेला आक्षेप निराळा होता. एवढा खर्च करून तरुण ज्यू संस्थांशी बांधले जातात का, असा देणगीदारांचा सवाल असे. २००९ मध्ये स्थापन झालेल्या ‘रिपेअर द वर्ल्ड’ने करवून घेतलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, बहुतेक ज्यू तरुण सेवाकार्य करतात, पण ज्यू संस्थांमार्फत ते करणारे थोडे. विमानभाड्याचा पैसा सरळ गावाला का देऊ नये, या प्रश्नाला आयोजक एक रोखठोक उत्तर देतात: तो पैसा देणगीदाराने मुलांच्या ज्यू शिक्षणासाठी दिलेला असतो, यात्रा नसती तर तो गावापर्यंत पोचलाच नसता. हिशेब म्हणून हे उत्तर खरे आहे. मात्र ज्या गावात भिंत उभी राहते, तेथील लोकांना ते क्वचितच सांगितले जाते.