नाशिकचा कट आणि लंडनहून आलेली पिस्तुलं

कॅनडातल्या खलिस्तानवाद्यांची किंवा तमिळ ईलमसाठी परदेशातून गेलेल्या पैशाची बातमी आली, की ‘हे बाहेर बसून आग लावतात’ हा शेरा ठरलेला. कारणं वेगळी, काळ वेगळा, तेव्हा सरसकट तुलना नको. मात्र परमुलखातून लढा कसा पोसला जातो, हे पाहायला नाशिककरांना लांब जावं लागत नाही.

मित्रमेळा ही क्रांतिकारकांची गुप्त संघटना नाशिकची. १९०४ मध्ये त्याचंच ‘अभिनव भारत’ झालं. विनायक सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले ते श्यामजी कृष्णवर्मांनी जाहीर केलेल्या शिष्यवृत्तीवर, आणि राहिले त्यांच्याच इंडिया हाउस या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात. शपथ आणि गुप्त संघटनेची घडी इथून तिकडे गेली. सगळं बाहेरून आलं, हे म्हणणं इथेच लंगडं पडतं.

बाहेरून आलं ते साहित्य. सेनापती बापट आणि हेमचंद्र दास यांनी पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बविद्या मिळवली. तिच्या पुस्तिकेची टंकलिखित प्रत विनायकरावांचे थोरले भाऊ बाबाराव सावरकरांच्या झडतीत सापडली. तशीच बंगाली क्रांतिकारकांच्या अड्ड्यावर, कलकत्त्याच्या माणिकतळा बागेतही सापडली होती. १९०९ च्या सुरुवातीला इंडिया हाउसचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन चोरकप्प्याच्या पेटीतून २० ब्राउनिंग पिस्तुलं घेऊन मुंबईला उतरला. तोवर बाबाराव अटकेत होते. कविता छापल्याबद्दल त्यांना जूनमध्ये जन्मठेप झाली.

२१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या याच पिस्तुलांपैकी एकातून. जॅक्सन संस्कृतचा व्यासंगी. लोक त्याला ‘पंडित’ म्हणत. त्याच्याच सन्मानार्थ नाटकाचा प्रयोग होता. गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे औरंगाबादेत शिकणारा कोवळा पोरगा. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात तो, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले.

किंमत सारखी वाटली गेली नाही, हे मान्य करायला हवं. श्यामजी १९०७ मध्येच पॅरिसला सरकले होते, मादाम कामाही तिथेच. ब्रिटिश पोलिसांचा हात तिथवर पोचत नव्हता. विनायक सावरकर मात्र पॅरिसहून लंडनला परतले आणि मार्च १९१० मध्ये पकडले गेले. खटल्यासाठी भारतात नेलं जात असताना मार्सेलिसला त्यांनी बोटीतून उडी टाकली, फ्रेंच भूमीवरून त्यांना पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केलं गेलं, तेव्हा पॅरिसच्या मंडळींनी आणि फ्रेंच समाजवाद्यांनी रान उठवलं. त्या दबावामुळे प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला, आणि नाशिक कटाचा आरोपी अंदमानला रवाना झाला.